मशीन बदलायचं तर आधी मागच्या वायरी बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख आमच्या आयटी विभागाच्या फळ्यावर दीडेक वर्ष लिहिलेली होती. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं, मायक्रोसॉफ्टने त्या दिवशी थांबवला. गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत कर्मचाऱ्यांच्या कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे आहे. नवं मशीन देणं, जुनं काढून घेणं, अपडेट, प्रिंटर, पासवर्ड, बिघाड, सगळं. दोन प्लँट, मुख्य ऑफिस आणि राज्याबाहेरचे डेपो धरून हजारभर मशीन होतात. एवढ्या सगळ्यांचं विंडोज १० बदलून विंडोज ११ घालायचं म्हणजे नक्की काय करावं लागतं, हे बाहेरच्यांचं सोडा, आमच्याच कंपनीतल्या अनेकांना ठाऊक नसतं. "रात्री अपडेट लावून टाका ना," असं सहज म्हणतात. म्हणून हे लिहायला घेतलं. कुडाळ-सावंतवाडीपासून मडगावपर्यंत हेच काम करणारी कितीतरी मुलंमुली आहेत, त्यांनाही काही उपयोग झाला तर बरंच.

मला जे सांगायचंय ते आधीच सांगते. मशीनच्या पोटात काय आहे ते सॉफ्टवेअर सांगतं. मशीनच्या मागे काय जोडलंय आणि पुढ्यात कोण बसलंय, ते जागेवर गेल्याशिवाय कळत नाही. आणि अपग्रेडचं घोडं अडतं ते बहुतेक वेळा तिथेच.

पण आधी तारखेचं बघू. १५ ऑक्टोबरला विंडोज १० बंद पडलं नाही. सकाळी बटण दाबलं की कालच्यासारखंच सुरू झालं, आणि खरी अडचण हीच आहे. डोळ्यांना काही बिघडलेलं दिसत नाही, त्यामुळे खर्चाला मंजुरी देणाऱ्यांना घाई वाटत नाही. अशा वेळी मी त्यांना २०१७ची आठवण करून देते. वॉनाक्राय नावाचा, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस १२ मे २०१७ला जगभर पसरला, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना ठरलेली ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. तो ज्या फटीतून आत शिरला ती बुजवणारा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. दोन महिने हातात होते. ज्यांनी तो लावला नाही त्यांच्या फायली अडकल्या. पॅच असून लावला नाही तर ही गत, मग पॅच येणंच थांबलं तर काय होईल, एवढंच मी विचारते. बहुतेक वेळा पुढची चर्चा लवकर आटोपते.

पैसे भरून पॅच मिळवायची सोय आहे. कंपन्यांसाठी पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या वर्षी पुन्हा दुप्पट. तिन्ही वर्षं भरली तर ४२७ डॉलर होतात आणि शेवटी हातात जुनंच मशीन उरतं. म्हणून ही सोय आम्ही फक्त अशा मशीनसाठी घेतली ज्यांचं पुढे काय करायचं ते ठरलंय, पण ते करायला वेळ लागणार आहे. सरसकट घेणं म्हणजे निर्णय टाळायची किंमत मोजणं, असं माझं मत आहे आणि ते मी बैठकीतही मांडलं.

आता, मशीन चांगलं चालत असताना विंडोज ११ त्याला नको का म्हणतं? लोक हे मनापासून विचारतात आणि त्यांचं विचारणं रास्त आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारा सुरक्षा भाग) हवा, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) हवं आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला हवा. इंटेलचे मोजके अपवाद सोडले तर यादी आठव्या पिढीपासून सुरू होते. आमच्याकडे जवळजवळ एकाच सुमाराला घेतलेल्या दोन खेपा आहेत. बाहेरून डबा सारखा, रॅम सारखी, पण एका खेपेत सातव्या पिढीचा प्रोसेसर आणि दुसरीत आठव्या. शेजारीशेजारी बसणाऱ्या दोघींपैकी एकीचं मशीन राहतं आणि दुसरीचं जातं. दुसरीला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. तिला नीट बसून समजावून सांगावं लागतं.

ज्या मशीनना विंडोज ११ नको म्हणत होतं त्यांतली बरीच मुळात पात्रच होती, हे मात्र आम्हाला यादी नीट चाळल्यावर कळलं. टीपीएम आत होता, पण बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद होता. इंटेलच्या मशीनमध्ये हा प्रकार पीटीटी नावाने असतो, आणि ते नाव माहीत नसेल तर माणूस बायोसची सगळी पानं उलटून हात हलवत परत येतो. दुसरी गोष्ट डिस्कची. पूर्वी कुणीतरी जुन्या पद्धतीने विंडोज टाकलेलं, म्हणजे डिस्कची मांडणी जुनी, एमबीआर, आणि बूट, म्हणजे मशीन सुरू व्हायची पद्धत, तीही जुनी, लेगसी. सिक्युअर बूटला यूईएफआय ही नवी पद्धत लागते आणि त्यासाठी डिस्क जीपीटी या नव्या मांडणीची हवी. पूर्वी अशा वेळी सगळं पुसून नव्याने टाकायचे. विंडोज १०मध्येच एमबीआर२जीपीटी नावाची आज्ञा आहे, ती डेटा न पुसता डिस्क बदलून देते. आम्ही ठरवलेला क्रम असा: बॅकअप तपासायचा, बिटलॉकर (डिस्कला लावलेलं कुलूप) थांबवायचा, आधी नुसतं व्हॅलिडेट चालवून बघायचं, ते ठीक म्हणालं तरच कन्व्हर्ट, मग रीस्टार्ट करून बायोसमध्ये शिरायचं आणि बूट यूईएफआयवर न्यायचं. ते न करता मशीन तसंच सुरू होऊ दिलं तर काळ्या पडद्यावर बूट डिस्क नाही असं येतं आणि समोरच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. यूईएफआय केलं की विंडोज उठतं, मग सिक्युअर बूट लावायचं. टीममधल्या मुलांना मी सांगून ठेवलंय की हे करताना माणसाला चहाला पाठवू नका, शेजारी बसवून घ्या. काय चाललंय ते त्याने बघितलं की पुढच्या वेळी तो घाबरत नाही.

एवढं सगळं मशीनच्या पोटातलं. त्याची यादी आमच्याकडे बसल्या जागी येते. मॉडेल, सीरियल नंबर, रॅम, डिस्क, शेवटी कोण लॉगिन झालं, कुठलं सॉफ्टवेअर आहे. या यादीवरून ऑफिसमधली मशीन झपाट्याने झाली. प्लँटमध्ये गेलो आणि वेग एकदम उतरला.

डिस्पॅचमध्ये दोडामार्गकडून रोज येणारे एक काका आहेत, निवृत्तीला आलेले. यादीत त्यांचं मशीन अगदी साधं दिसत होतं: जुना प्रोसेसर, बदलायचं, झालं. मी जागेवर गेले तेव्हा त्यांनी मशीनबद्दल काहीच विचारलं नाही. "गो बाय, नवो कंप्युटर येता तां बराच, पण माझो प्रिंटर तेका लागतलो मां?" एवढंच म्हणाले. मी मागे वाकून बघितलं तर जाड पॅरलल केबल. तिच्या टोकाला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांब कागदाची चळत लावलेला. कागद तीन प्रतींचा, मध्ये कार्बन. ट्रक गेटमधून बाहेर जाताना चलनाची एक प्रत ड्रायव्हरकडे, एक गेटवर, एक काकांच्या फायलीत. लेझर प्रिंटर कार्बनमधून उमटत नाही, सुई आपटणाराच प्रिंटर लागतो. म्हणजे तो प्रिंटर जुना आहे म्हणून तिथे नव्हता, त्या कामाला तोच लागतो म्हणून होता.

नव्या छोट्या डेस्कटॉपला पॅरलल पोर्ट नाही. बाजारात यूएसबी ते पॅरलल कन्व्हर्टर मिळतो, पण त्यांचं चलनाचं सॉफ्टवेअर छपाई थेट एलपीटी१ला (पॅरलल पोर्टचं विंडोजमधलं नाव) पाठवतं आणि कन्व्हर्टर लावल्यावर प्रिंटर दिसतो तो यूएसबीचा म्हणून, एलपीटी१ म्हणून नाही. सॉफ्टवेअर बिचारं रिकाम्या दारावर थाप मारत राहतं. उपाय जुनाच आहे. प्रिंटर त्याच मशीनवर शेअर करायचा आणि 'नेट यूज' आज्ञेने एलपीटी१चं नाव त्या शेअरला जोडून द्यायचं. पहिलं चलन तिन्ही प्रतींवर स्वच्छ उमटलं तेव्हा काकांनी ते उजेडात धरून तिसरी प्रत वाचली, मग मान हलवली. नवं मशीन त्यांनी त्यानंतर पहिल्यांदा नीट बघितलं.

त्याच शेडमध्ये आणखी एक प्रोग्राम सापडला, डॉसच्या काळातला, गोण्यांचा हिशेब ठेवणारा. तो ३२ बिटच्या विंडोज १०वर चालत होता. विंडोज ११ येतंच फक्त ६४ बिटचं आणि त्यावर १६ बिटचे असले प्रोग्राम चालत नाहीत. तिथे जोडजाड करण्यात अर्थ नव्हता. हिशेब एक्सेलमध्ये आणला, पण पडद्यावरचा रकान्यांचा क्रम जुन्या प्रोग्रामसारखाच ठेवला, कारण भरणाऱ्याची बोटं त्याच क्रमाने चालतात.

वजनकाट्यांनी तर नाकी नऊ आणले. काट्याचं वजन आरएस-२३२ या जुन्या पद्धतीच्या वायरीने कॉम्प्युटरमध्ये येतं. जुन्या मशीनला तो नऊ पिनांचा पोर्ट होता, नव्याला नाही, म्हणून यूएसबी कन्व्हर्टर. कन्व्हर्टर दुसऱ्या भोकात घातला की कॉम पोर्टचा, म्हणजे विंडोजने त्या जोडणीला दिलेला, नंबर बदलतो, सॉफ्टवेअर कॉम १ शोधत बसतं आणि वजन येत नाही. सफाई करताना कुणी वायर काढून शेजारच्या भोकात लावली की तक्रार आलीच. नंबर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पक्का करायचा आणि वायरीला व भोकाला एकाच रंगाची चिकटपट्टी लावायची, असं आम्ही केलं. शिवाय काही जुन्या चिपचे कन्व्हर्टर विंडोज ११ स्वीकारतच नाही. डिव्हाइस मॅनेजर सरळ लिहून दाखवतो की ही चिप २०१२पासून बंद झालीय, पुरवठादाराला विचारा. म्हणून कन्व्हर्टर आधी एका मशीनवर लावून बघायचे आणि मगच पुढची ऑर्डर द्यायची.

क्वालिटी कंट्रोलची लॅब हा मात्र वेगळाच प्रांत. तिथे एचपीएलसीची उपकरणं आहेत, औषधाच्या नमुन्यात काय किती आहे ते मोजणारी, आणि प्रत्येक उपकरणाला जोडलेला कॉम्प्युटर. तो कॉम्प्युटर म्हणजे त्या उपकरणाचाच भाग. अमेरिकेला औषध पाठवायचं तर त्यांच्या २१ सीएफआर पार्ट ११ या १९९७च्या नियमाप्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदींचा ऑडिट ट्रेल हवा: कुणी, कधी, काय बदललं. विंडोज बदललं की ती सगळी व्यवस्था पुन्हा तपासून सिद्ध करावी लागते. आधी चेंज कंट्रोलचा अर्ज, त्यावर क्वालिटी अ‍ॅश्युरन्सची सही, मग इन्स्टॉलेशन, ऑपरेशन आणि परफॉर्मन्स या तिन्ही पायऱ्यांचं क्वालिफिकेशन, प्रत्येक पायरीचे कागद. आणि त्याही आधी, उपकरणाचं सॉफ्टवेअर विंडोज ११वर चालतं असं ते बनवणाऱ्याने लिहून द्यायला हवं. कधीकधी ते म्हणतात, नवी आवृत्ती घ्या. नवी आवृत्ती म्हणते, उपकरणाचा कंट्रोलर बदला. एका विंडोजपायी भलं मोठं बजेट उभं राहतं.

लॅबमधल्या मॅडमनी मला एक गोष्ट पहिल्यांदाच बजावली होती आणि ती मी सगळ्यांना सांगते. नमुन्यांची रांग संध्याकाळी लावून जातात, उपकरण रात्रभर एकेक नमुना ओढत राहतं. मध्यरात्री कॉम्प्युटर अपडेटसाठी आपोआप रीस्टार्ट झाला की पुढचे सगळे नमुने गेले. पुन्हा तयारी करायची, आणि ती रांग का तुटली याचं लेखी स्पष्टीकरण द्यायचं. विंडोजच्या अ‍ॅक्टिव्ह अवर्समध्ये (या तासांत रीस्टार्ट नको असं सांगायची सोय) जास्तीत जास्त १८ तास मिळतात, लॅबचा दिवस २४ तासांचा आहे. म्हणून या मशीनना आपोआप रीस्टार्टमधून पूर्ण वगळलं, स्लीप बंद केलं, आणि अपडेट लॅबला विचारून, उपकरण रिकामं असताना, माणूस समोर उभा राहून लावायचं ठरवलं. घड्याळ बदलायची परवानगी तिथल्या कुठल्याच लॉगिनला नाही, वेळ सर्व्हरवरून येते. ऑडिट ट्रेलमधल्या वेळेवर विश्वास ठेवायचा तर हे लागतंच.

जी मशीन आज हलवता येत नाहीत ती वेगळ्या नेटवर्कवर नेली. इंटरनेट नाही, ईमेल नाही, पेन ड्राइव्ह बंद, डेटा फक्त ठरलेल्या सर्व्हरवर. काही ठिकाणी विंडोज १०ची एलटीएससी, म्हणजे जास्त वर्षं सपोर्ट मिळणारी, आवृत्ती आहे, तिच्या तारखा वेगळ्या असतात. एंटरप्राइज एलटीएससी २०२१ला जानेवारी २०२७पर्यंत पॅच मिळतात आणि आयओटी (उपकरणांसाठीच्या) प्रकाराला जानेवारी २०३२पर्यंत. उपकरणाबरोबर मशीन येतं तेव्हा यातलं कुठलं आलंय ते स्टिकर आणि लायसन्सवर बघून ठेवा, नाव जवळजवळ सारखंच आणि तारखेत पाच वर्षांचा फरक आहे.

आता आपल्या हवेबद्दल. बाहेरच्या सल्लागारांनी केलेल्या वेळापत्रकात पाऊस कधीच नसतो. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. ओलाव्याने नेटवर्कच्या वायरींच्या पिना हिरवट पडतात, कीबोर्डवर बुरशी धरते, यूपीएसची बॅटरी नेमकी तेव्हाच दगा देते आणि वीज क्षणभर लुकलुकून जाते. विंडोजचं अपग्रेड अर्ध्यावर असताना अशी लुकलुक झाली तर मशीन बहुतेक वेळा मागे फिरून जुन्या विंडोजवर येतं, पण त्या पायी अख्खी दुपार जाते. बायोसचं अपडेट चालू असताना झाली तर मदरबोर्डच जाऊ शकतो. म्हणून पावसात बायोसचं काम फक्त तपासलेल्या यूपीएसवर, आणि लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली व चार्जर लावलेला. नव्या मशीनची खोकी तळमजल्यावर ठेवायची नाहीत हेही आम्ही पक्कं केलं.

मग चतुर्थी. २०२५मध्ये ती २७ ऑगस्टला होती, म्हणजे मुदतीला सात आठवडे उरलेले. गोव्यात चतुर्थीच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा धरायचाच नाही. माटोळी (गणपतीच्या वर बांधायची फळाफुलांची मांडणी) बांधायला माणूस घरी जाणार, आणि जायलाच हवं. लॅपटॉप कपाटात बंद राहतात आणि परतल्यावर साचलेली सगळी अपडेट्स एकाच सकाळी उतरू लागतात. राज्याबाहेरच्या डेपोंची लाइन बारीक, तिथे सगळ्या मशीननी एकदम काही जीबी ओढायला घेतलं की बिलिंग थांबतं. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन लावून ठेवलं की एका मशीनने उतरवलेलं शेजारची मशीन त्याच्याकडूनच घेतात. ही सोय विंडोजमध्येच असते, पण किती ठिकाणी कुणी ती बघितलेलीच नसते.

अकाउंट्सचं कॅलेंडर आणखी वेगळं. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी, ही जीएसटीची विवरणपत्रं. या दोन तारखांच्या आसपास तिथल्या मशीनला हात लावायचा नाही. आणि हात लावायचा तेव्हा आधी डिजिटल सहीचा यूएसबी टोकन विचारायचा. त्याचा ड्रायव्हर, सही करणारी युटिलिटी आणि ब्राउझरची परवानगी, हे तिन्ही नव्या मशीनवर एकदा प्रत्यक्ष सही करून बघितल्याशिवाय जुनं मशीन उचलायचं नाही.

एचआरमधल्या ताईंचं मशीन माझ्या मनाच्या जवळचं आहे. कामगारांसाठीच्या सूचना त्या मराठीत काढतात. बसची वेळ, कँटीन, सुरक्षा, रजा. कित्येक वर्षांच्या सूचना जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये. तो फाँट नव्या मशीनवर नसेल तर सगळ्या फायलींत इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल दिसतो. यादीत या गोष्टीचा मागमूस नव्हता, कारण फाँट हे सॉफ्टवेअर म्हणून मोजलंच जात नाही. आम्ही नेहमी लागणाऱ्या सूचना कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणल्या आणि त्यांनी त्या एकेक वाचून जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्वदीर्घ सुधारलं. नंतर कळलं की काही फायली मंगल फाँटमध्ये होत्या आणि त्यांचंही रूप पालटलं होतं. मंगल आता विंडोजबरोबर आपोआप येत नाही, ऑप्शनल फीचर्समधून देवनागरीचे पूरक फाँट वेगळे घ्यावे लागतात. टायपिंगसाठी विंडोजमधलाच मराठी फोनेटिक कीबोर्ड लावून दिला. ताई आता सूचना थेट व्हॉट्सॅपवरही टाकतात आणि सत्तरी तालुक्याकडून येणाऱ्या बसमधल्या बायका ती फोनवर वाचतात. पूर्वी ती सूचना फळ्यावरच राहायची, म्हणून मला याचं फार समाधान आहे.

मशीन हातात देतानाचा अर्धा तास मी कुणालाही घाईत उरकू देत नाही. डेस्कटॉपवरचे आयकॉन जिथे होते तिथेच हवेत. मंगेशीच्या देवळाचा फोटो मागे असेल तर तो यायला हवा. डी ड्राइव्हमध्ये आउटलुकची जुनी फाइल पडलेली असते, ती कुठल्याच बॅकअपमध्ये नसते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड माणसाला आठवतही नसतात. आणि जुनं मशीन दोन आठवडे आमच्या कपाटात न पुसता राहतं. "माझी एक फाइल राहिली" असं सांगत कुणीतरी येतंच, आणि त्याला ती देता येते.

कुणाला आधी, कुणाला नंतर, याचाही क्रम असतो. पहिली मशीन आयटीची स्वतःची. मग प्रत्येक विभागातले एकदोघे, ज्यांना नवं बघायला आवडतं आणि जे बिघडलं तर आरडाओरडा न करता नीट सांगतात. मग मोठा घोळका. गेट, बिलिंग, लॅब सगळ्यात शेवटी. ही शिस्त किती मोलाची आहे हे १९ जुलै २०२४ला जगाला दिसलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट सगळीकडे एकदम गेलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. आमच्याकडे ते सॉफ्टवेअर नव्हतं, पण त्या दिवशी आम्ही आमच्या बिटलॉकरच्या चाव्या तपासायला बसलो. कारण तिथे प्रत्येक मशीनजवळ माणूस जाऊन सेफ मोडमध्ये ती सदोष फाइल काढत होता, आणि डिस्क कुलूपबंद असेल तर आधी ४८ आकडी रिकव्हरी की घालावी लागत होती. काही मशीनच्या चाव्या आमच्या सर्व्हरवर पोचलेल्याच नाहीत, हे आम्हाला त्या तपासणीत कळलं. त्या सगळ्या आणून घेतल्या. डेपोतल्या माणसाला फोनवर सहा-सहा आकड्यांचे आठ गट वाचून दाखवायची वेळ आली तर ते गट आपल्यापाशी असायला हवेत.

निघालेल्या मशीनचं काय, हा प्रश्न मला सतावतो. सातव्या पिढीचा प्रोसेसर, त्यात एसएसडी आणि आठ जीबी रॅम, हे काही टाकून देण्यासारखं नाही. जी अगदीच थकली ती नोंदणीकृत रीसायकलरकडे गेली. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत आणि आमच्यासारख्या मोठ्या वापरकर्त्याला कचरा भंगारवाल्याच्या टेम्पोत टाकता येत नाही, टाकूही नये. शिशापासून पाऱ्यापर्यंत काय काय असतं त्यात, आणि आपल्या विहिरी फार खोल नाहीत. जी धडधाकट होती त्यांच्या डिस्क नीट पुसून त्यांवर लिनक्स टाकलं. कागदपत्रं पूर्ण करून काही गावच्या वाचनालयाला दिली. तिथे मुलं त्यांच्यावर मराठी टाइप करतात, अर्ज भरतात. कंपनीने हा रस्ता कायमचा धोरणात घ्यावा म्हणून माझा अर्ज वर गेलेला आहे आणि मी त्याचा पाठपुरावा सोडणार नाही.

तोवर पुढचं काम दारात आलंच. सिक्युअर बूट ज्यांवरून खात्रीचं सॉफ्टवेअर ओळखतं ती २०११ची प्रमाणपत्रं जून २०२६पासून संपायला लागतात. नवी प्रमाणपत्रं विंडोज अपडेटमधून येतात, पण काही मॉडेलना आधी बायोसचं अपडेट लागतं, म्हणजे पुन्हा यूपीएस, पुन्हा बिटलॉकरच्या चाव्या. कुठल्या मॉडेलचं बायोस किती जुनं आहे त्याची यादी टीमने काढायला घेतलीय, चाव्यांची तपासणी पुन्हा सुरू झालीय, आणि पाऊस यायच्या आत निदान दोन्ही प्लँट उरकायचे आहेत.